अण्णांची काळी चार

आकाराम दिवसा कसबा बावड्याच्या साखर कारखान्यात वजनकाट्यावर उसाच्या गाड्या मोजायचा आणि संध्याकाळी मंगळवार पेठेत पेटी वाजवायचा. काटा तपासायला वर्षातून एकदा सरकारी माणूस यायचा, वजनं घालून बघायचा आणि शिशाचं सील ठोकून जायचा. पेटी तपासायला कोणी येत नसे. ही गोष्ट कुणाच्या लक्षात यायचं कारण नव्हतं. आकारामाच्या मात्र ती १९६६ सालापासून रोज लक्षात येत होती, आणि त्यामुळे सरकारी माणूस सील ठोकत असताना तो उगाचच दुसरीकडे बघायचा.

पेटी होती सप्तसूर ऑर्केस्ट्राची. अठ्ठावन्न साली गणपतीतला मेळा म्हणून हा सुरू झाला, तेव्हा त्याच्यात पेटी, तबला आणि भरपूर उत्साह होता. पुढं क्लॅरिनेट आली, तुंबा म्हणजे उभा उंच ढोल आला, बोंगो आले, एक गिटारवाला आला, लाल सॅटिनची जाकिटं आली आणि लग्नाच्या वरातीतल्या पोरांना नाचता येईल अशी गाणी आली. उत्साह तेवढा त्या गर्दीत कुठं तरी मागं राहिला. तालमी पिठाच्या गिरणीच्या माडीवर चालत. गिरणी सुरू असली की सगळ्या गाण्यांना खालून एकच सूर मिळायचा आणि जाकिटांच्या खांद्यावर पांढरी धूळ बसायची.

गाणारे होते यज्ञेश्वर, म्हणजे अख्ख्या पेठेचे अण्णा. जकात नाक्यावर कारकून. नाक्यावरची त्यांची कामगिरी काय होती हे कुणी विचारत नसे. त्यांची ओळख काळी चार ही होती.

पेटीवर काळ्या आणि पांढऱ्या पट्ट्या असतात. गाणारा आपला सा ज्या पट्टीवर धरतो ती त्याची पट्टी. बहुतेक पुरुष काळी एक, फार तर काळी दोन यांच्यावर संसार उरकतात. काळी चार ही तशी बायकांची पट्टी. तिथं सा धरून पुरुषानं आणखी वर जायचं म्हणजे गळ्याच्या शिरा दोरखंडासारख्या फुगतात आणि पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांना काळजी वाटू लागते. अण्णा तिथं गायचे. धाकट्या बहिणीच्या लग्नाची बोलणी करायला गेले तेव्हासुद्धा मध्यस्थानं त्यांची ओळख करून दिली ती "हे मुलीचे थोरले बंधू, काळी चारवाले," अशी. पाहुण्यांना काही कळलं नाही, पण ते अदबीनं सावरून बसले.

सहासष्ट साली बावड्यातल्या एका लग्नात अण्णांचा आवाज वरच्या सुरावर फुटला. फार नाही, कप कपाला लागावा एवढाच. गाणं संपवून अण्णा मागं वळले आणि आकारामाला म्हणाले,

"पेटी चढलीय रे. बघून घे जरा."

पेटी सुरानं खाली उतरते, ओल धरते, कुथते, भात्यातून वारा सोडते. आपणहून चढलेली पेटी आकारामानं पाहिली नव्हती. पण अण्णा वयानं अकरा वर्षांनी थोरले, आणि त्यांनीच त्याला बोट धरून पेटीवर बसवलेलं. त्यानं पेटी पोत्यात गुंडाळली आणि मिरजेच्या कारागिराकडं नेली.

"किती उतरवू?" कारागिरानं विचारलं.

"कुणाला कळणार न्हाय एवढी."

"मग कशाला उतरवताय, पावणं?"

 कारागिरानं कानस घेतली आणि पेटीतल्या सूर देणाऱ्या पितळी पत्त्या एकेक करून बुडाशी घासल्या. पुढच्या कार्यक्रमाला अण्णांचा आवाज सरळ वर गेला. "बघ," ते म्हणाले, "चढली होती की न्हाय?"

त्यानंतर अण्णांनी पुन्हा कधी सांगितलं नाही. सांगावं लागलं नाही. अण्णांचा चेहरा वरच्या सुराला लाल व्हायला लागला की आकाराम पोतं काढायचा. एकोणसत्तरला एकदा, बाहत्तरला एकदा, पंचाहत्तरला एकदा. पेटी थोडी थोडी करत एक अख्खा सूर खाली आली. बोट काळी चारवर असायचं आणि निघायची काळी तीन. त्याची बायको तानाबाई म्हणायची, "म्हायारपणाला धाडल्यागत न्हेतायसा तिला मिरजंला. मला कवा धाडलंसा?"

बाकीच्यांचं काय, हा प्रश्न पडावा. तुंबेवाल्याला सूर या गोष्टीत रस नव्हता. गिटारवाले दर दोन वर्षांनी बदलायचे आणि येईल तो समोर असेल त्या पेटीला तारा जुळवायचा. अडचण एकट्या सयाजीची होती. क्लॅरिनेटला कानस लावता येत नाही. पंचाहत्तरला एकदा त्यानं "ओल धरलीया व्हय पेटीनं?" असं विचारलं, आकारामानं "व्हय" म्हटलं आणि सयाजीनं त्या दिवसापासून सगळी गाणी वेगळ्या बोटांनी वाजवायला सुरुवात केली. दोघं पंधरा वर्षांचे दोस्त. या विषयावर त्यांच्यात एवढंच बोलणं झालं.

बोलला तो एकटा केरबा.

केरबा जोडीला गायचा. आवाज साधा, कान मात्र भलताच. बाहत्तर साली पेटी मिरजेहून आली त्याच आठवड्यात, भर तालमीत तो म्हणाला, "अण्णा, पेटी खाली आलीया. रेडिओसंगं लावून बघा. आपण काळी चार म्हणतोय, पर ही काळी चार न्हाय."

 खालची गिरणी नेमकी त्याच वेळी थांबली होती. अण्णा आकारामाकडं वळले.

"व्हय रे?"

आकारामाला उत्तर द्यायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात काट्यावर एक बैलगाडी मोजून झाली असती. "न्हाय," तो म्हणाला.

अण्णांनी केरबाच्या कानफटात मारली. केरबानं गाल चोळला नाही. अण्णांकडं पाहिलंही नाही. त्यानं आकारामाकडं पाहिलं, जाकीट काढून घडी केली, पेटीवर ठेवली आणि जिना उतरून गेला. पुढं तो इचलकरंजीला मागावर लागला असं कळलं. मागाच्या खडखडाटात माणूस गात असला काय, नसला काय, सारखंच.

अठ्ठ्याहत्तरला अण्णा नोकरीतून सुटले आणि त्याच पावसाळ्यात त्यांच्या छातीनं दगा दिला. डॉक्टरांनी जिना, तंबाखू आणि गाणं बंद करायला सांगितलं. अण्णांनी जिना बंद केला. तंबाखूचं बघू म्हणाले. गाणं मात्र पुढच्या सहा महिन्यांत आपोआप सुटलं. सप्तसूरला वर्षभर एकही काम आलं नाही. इतर ऑर्केस्ट्रात आता गाणाऱ्या पोरी होत्या, रंगीत दिवे होते आणि माईकवर चुटके सांगणारा एक जण होता. सप्तसूरकडं डांबराच्या गोळ्यांचा वास मारणारी आठ जाकिटं होती.

एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात सयाजीनं हुपरीहून कालिंदीला आणलं. वय पंचवीस-सव्वीस, घरी पैंजणांचं काम. दिवसभर चांदीत घुंगरं ओवायची आणि रेडिओबरोबर गायची. बरोबर आई होती, शालूबाई. ती जिन्यातून वर येतानाच विचारत होती, "शेवटची गाडी किती वाजता हाय वो हुपरीला?"

"साडेनऊला," सयाजी म्हणाला.

"मग आटपा लौकर."

आकारामानं पेटी पुढं ओढली. "पट्टी कुठली, ताई?"

"काळी चार."

नव्या बाईची पट्टी नेमकी काळी चार निघाली, याचं सगळ्यांना बरं वाटलं. सगळी गाणी त्याच पट्टीत बसलेली, बोटं त्याच वळणाची, काही बदलायला नको. आकारामानं सूर दिला. कालिंदीनं तोंड उघडलं आणि मिटलं.

"काळी चार द्या की."

"दिलीया."

"ही न्हवं."

"एकवीस वर्सं हीच हाय," आकाराम म्हणाला.

"मग एकवीस वर्सं चुकीची हाय." ती सयाजीकडं वळली. "काका, तुमी द्या बघू. नुसतं क्लॅरिनेटवर."

सयाजीनं आकारामाकडं पाहिलं. मग खिडकीकडं पाहिलं. मग क्लॅरिनेट तोंडाला लावली आणि चार वर्षांत पहिल्यांदा खरी बोटं ठेवून काळी चार वाजवली. दोन्ही सूर शेजारी उभे राहिले. आता तुंबेवाल्यालाही कळलं.

"माझी बी बोटं दमल्याती, आकाराम," सयाजी हळूच म्हणाला.

कालिंदीला कुणाला पकडायचं नव्हतं. पैंजणाच्या जोडीत एक घुंगरू बद्द वाजलं की ती जसं बाजूला काढायची, तशा सुरात तिनं सांगितलं, "ह्याला काळी चार म्हणून मी गाणार न्हाय. एक तर पेटी चढवून आणा, न्हायतर हिला काळी तीन म्हणा. माझं काय न्हाय. हिची काळी पाच वाजवा, तीच खरी चार निघंल, मी गाते."

उपाय साधा होता. पेटीला नुसतं तिचं खरं नाव द्यायचं. त्याला ना कानस लागत होती ना मिरज. पण खरं नाव एकदा माडीवर उच्चारलं की ते जिना उतरून पेठेत जाणार, आणि तिथून अण्णांच्या घराला कितीसं अंतर? आकारामानं तेवढ्यासाठी पेटी पाचव्यांदा पोत्यात गुंडाळली.

कारागीर म्हातारा झाला होता. त्यानं पेटी ओळखली, माणूस नंतर ओळखला. "उतरवायची तर बुडाशी घासतो, चढवायची तर टोकाशी," तो म्हणाला. "दोन्हीकडनं घासली की पत्तीचा कागद होतो. वाजंल. किती दिवस ते मला इचारू नका."

पेटी खरी होऊन घरी आली. तानाबाईनं चुलीपुढून विचारलं, "आता शाणी झाली म्हणायची ही?" आकारामानं पेटी कोपऱ्यात ठेवली. त्याला दुसऱ्याच गोष्टीचा घोर लागला होता. गणपतीत पेठेतल्या तालीम मंडळापुढं नव्या बाईचा पहिला कार्यक्रम ठरला होता, आणि अण्णांनी निरोप धाडला होता: सुरुवातीचा गण मी गाणार. आपल्या जुन्या पट्टीत. मग नारळ आणि माईक पोरीच्या हातात देणार. डॉक्टरला काय कळतंय?

मेळ्याच्या दिवसांपासूनची रीत होती ती. जुन्यानं एक गाणं म्हणून जागा द्यायची. फक्त आता जुनी पट्टी शिल्लक नव्हती. खऱ्या काळी चारमध्ये अण्णा दुसऱ्या ओळीला पडले असते, आणि तेही सगळ्या पेठेपुढं. आकारामानं विचार केला, आपण गुपचूप काळी तीनवर बोट ठेवू. अण्णा लोकांकडं तोंड करून उभे राहतील, बोटं कोण बघतंय. तेरा वर्षं खोटं उरकलं, तिथं एक गण काय जड आहे?

हे ठरवून त्याला जरा झोप लागली. दुसऱ्या दिवशी रविवारी सकाळी अण्णा दारात उभे.

"म्हणलं, एकदा म्हणून बघावं. काढ पेटी."

ते पेटीच्या समोरच बसले. पट्ट्यांपासून दीड हातावर. तानाबाईनं चहा टाकला. आकारामानं भात्याला हात घातला आणि त्याचा उजवा हात पेटीवर अधांतरी थांबला. काळी चार धरली तर अण्णांचा गळा उघडा पडणार. काळी तीन धरली तर आपण. एवढा साधा हिशोब करायला त्याला तेरा वर्षं मिळाली होती, पण तो आत्ताच करावा लागला. त्यानं बोट काळी तीनवर ठेवलं.

अण्णांनी डोळे मिटून सा लावला. आवाज पातळ झाला होता, तरी सुरात बसला. पहिली ओळ झाली. दुसरीला त्यांनी डोळे उघडले, सवयीनं पेटीकडं पाहिलं आणि गाणं थांबलं.

"बोट कुठं हाय तुझं?"

"काळी तीनवर."

"आणि मी कुठं गातोय?"

"रोज गातायसा तिथंच."

आत तानाबाईच्या भांड्यांचा आवाज बंद झाला.

"कवाधरनं?"

"सहासष्ट. बावड्याचं लगीन."

अण्णा पट्ट्यांकडं बघत राहिले. काळ्या पट्ट्या दोन आणि तीन अशा गटांनी असतात. ते जणू पहिल्यांदाच मोजत होते. "मीच म्हणलो होतो, चढलीय म्हणून."

"व्हय."

"चढली नव्हती."

"न्हाय."

"सांगायचं होतंस."

"केरबानं सांगितलं हुतं की," आकाराम म्हणाला.

हे वाक्य त्यानं योजलं नव्हतं. तोंडातून निघाल्यावर ते दोघांच्या मधे पेटीवर बसून राहिलं, त्या घडी केलेल्या जाकिटासारखं. अण्णांनी आपला उजवा हात उलटा करून पाहिला. मग उठले. "चहा राहू दे," म्हणाले आणि गेले.

पुढचे पाच दिवस अण्णांचा निरोप नाही. आकाराम कामावर जाऊन येत होता. हंगाम नव्हता, काटा रिकामा, त्यामुळे विचार करायला भरपूर जागा. सयाजी म्हणाला, "येत न्हाईत ते. नारळ मीच देतो पोरीला." तानाबाई म्हणाली, "येत्यात. गाणारा माणूस रुसून घरात बसंल, पर माईक दिसल्यावर बसायचा न्हाय." अण्णा आले नाहीत तर आपण वाचलो, असं आकारामाला वाटायला हवं होतं. तसं वाटेना. एकवीस वर्षं ज्या माणसाच्या पाठीकडं बघून वाजवलं, ती पाठ समोर नसेल तर हात कुठं ठेवायचा, हेच त्याला सुचत नव्हतं.

कार्यक्रम सातला होता, शालूबाईच्या गाडीच्या हिशोबानं. पावणेसातला अण्णा आले. धुतलेलं धोतर, लाल जाकीट. जाकीट आता पोटावर मिटत नव्हतं. ते थेट माईकपुढं उभे राहिले आणि घसा खाकरून म्हणाले,

"मंडळी, मला तुम्ही काळी चारवाला म्हणता. गेली तेरा वर्षं मी काळी तीनमध्ये गातोय. मला कळलं न्हाय. ज्याला कळलं त्याला मी मारलं. आजचा गण काळी तीनमध्ये."

आकारामाचा भात्यावरचा हात सुटला. एका माणसानं आपल्याजवळची एकुलती एक इस्टेट भर चौकात फुंकून टाकली होती.  मग पुढच्या रांगेतून शेंगा सोलता सोलता कुणी तरी ओरडलं, "अण्णा, तीन काय आन् चार काय, हाणा तुमी!" आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. मंडळाच्या अध्यक्षांना वाटलं हा विनय आहे. त्यांनी भाषणात त्याचा गौरवपूर्वक उल्लेख केला.

गण बरा झाला. फार बरा नाही. मधल्या कडव्यात दम पुरला नाही, तिथं सयाजीनं क्लॅरिनेट घातली. आकारामाची बोटं नव्या जागी दोनदा चाचपडली. अण्णांनी नारळ आणि माईक कालिंदीच्या हातात दिला, बाजूच्या लोखंडी खुर्चीत जाऊन बसले आणि छातीवर हात ठेवून श्वास मोजू लागले.

"काळी चार," कालिंदी म्हणाली.

आकारामाचं बोट एकवीस वर्षं जात होतं तिथंच गेलं. सूर तेवढा खरा निघाला. गाणी तीच होती, वळणं तीच होती, आणि आवाज मंडप ओलांडून रस्त्यापलीकडं गेला. तिसऱ्या गाण्यावर पोरं नाचायला लागली. पाचव्या गाण्यात पेटीतली एक पत्ती टक् करून मोडली. आकारामानं तेवढा सूर वगळून वाजवलं. कुणाला कळलं नाही. कालिंदीनं मात्र मागं वळून पाहिलं, आणि त्यानं पहिल्यांदाच न विचारता खरं ते सांगितलं, "मोडली. बदलून आणतो."

नऊला शालूबाई पिशवी काखेत मारून विंगेत उभी राहिली आणि कार्यक्रम संपला. मायलेकी स्टँडकडं पळाल्या. सयाजी क्लॅरिनेट पुसत बसला. आकारामानं पेटीचं झाकण लावलं, पोतं झटकलं. अण्णा अजून त्या खुर्चीतच होते.

"केरबाचा पत्ता हाय का तुझ्याकडं?"

पत्ता होता. सात वर्षं पाकिटात, घडीवर तुटलेल्या चिठ्ठीत. एकदा इचलकरंजीच्या स्टँडावर भेटलेल्या माणसाकडून आकारामानं लिहून घेतला होता. "हाय," तो म्हणाला.

"ऐतवारी जाऊ." अण्णा खुर्चीच्या हातावर जोर देऊन उठले, एका दमात जमलं नाही म्हणून पुन्हा बसले. "सकाळच्या गाडीनं. आणि हे बघ."

"काय?"

"पेटी आणू नकोस."